दात किडू नयेत म्हणून टूथपेस्टमध्ये नेमकं काय बघून घ्यावं?

फ्लोराइड. लवंग, मीठ, कोळसा हे सगळं जाहिरातीपुरतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, ते माप) आसपास आकडा दिसला की घ्या. दाताच्या कवचातून निघून गेलेली खनिजं परत बसायला त्याची मदत होते. बऱ्याच ‘आयुर्वेदिक’ पेस्टांत ते नसतंच. घासून झाल्यावर नुसतं थुंका, खळाखळा चुळा भरल्या की सगळं वाहून जातं. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

च्युइंगम घ्यायचंच तर झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाचं. त्यापासून जंतूंना आम्ल बनवता येत नाही. आजीची मिश्री मात्र बंद करा, तंबाखूच ती! आणि रात्री बेळगावी कुंदा हाणलात तर घासूनच झोपा.