इओसीन उष्ण की थंड? दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, तुमचा आलेख आधी तपासा

'एका पुस्तकात इओसीन म्हणजे ध्रुवापर्यंत जंगल, दुसऱ्यात अंटार्क्टिकावर बर्फ साचायला लागला. प्रदर्शनाच्या तक्त्यात तापमान काय लिहू?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझं बावीस फुटी कापड आठवलं. ते अजून माळ्यावर पडून आहे.

माझाही असाच तक्ता होता. इओसीन हा भूशास्त्रीय कालखंड ५६ ते ३३.९ दशलक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणून एका फुटाला दहा लाख वर्षं. तापमानासाठी समुद्रतळाच्या गाळातल्या फोरॅमिनिफेरांच्या (एकपेशी सागरी जीवांच्या) कवचांमधल्या ऑक्सिजन-१८ चे, म्हणजे जड ऑक्सिजनचे, आकडे मिळवले आणि स्प्रेडशीटमध्ये टाकले. रेघ डावीकडून उजवीकडे मस्त चढत गेली. मी ती लाल रंगात छापून घेतली आणि वर ठळक मथळा दिला: 'तापत गेलेली पृथ्वी'.

सगळं उलटं! हा आकडा वाढला की पाणी थंड झालं असं समजायचं. थंड पाण्यात कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. शिवाय हलका ऑक्सिजन बाष्पातून जाऊन बर्फात अडकला की उरलेल्या समुद्रातही जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. म्हणून शोधनिबंधांत उभा अक्ष मुद्दाम उलटा काढतात. स्प्रेडशीटला हे कुठून कळणार? पहिल्याच दिवशी डावीकडची चित्रं पाहून एका शाळकरी मुलीनं विचारलं, 'मग मगरी थंडीत का काढल्यात?' मला उत्तर देता येईना.

छापण्याआधी शंका आली नव्हती असं नाही. आकडे ज्या कार्यालयातून मिळाले (नाव घेत नाही) तिथे अक्षाबद्दल दोन पत्रं टाकली होती. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे', एवढंच उत्तर. तो अर्ज बहुधा अजून वाटेतच आहे.

आता तुमचं. मी भूशास्त्रज्ञ नाही, हौशी माणूस आहे, तेव्हा छापण्याआधी जाणकाराला दाखवाच. पण माझं ठाम मत आहे की अख्ख्या इओसीनला एक तापमान देऊच नका. बावीस फुटांची सरासरी काढली की मगरीही खोट्या ठरतात आणि बर्फही.

अगदी डाव्या कडेला पॅलिओसीन (इओसीनच्या आधीचा कालखंड) आणि इओसीन यांच्या सीमेवरचा उष्णतेचा झटका येईल. जग पाच-सहा अंशांनी तापलं, पण तुमच्या कापडावर सगळा प्रकार जेमतेम अडीच इंचांचा. त्याला 'इओसीनची उष्णता' म्हणू नका. ती लांबलचक ऊब तिसऱ्या ते सातव्या फुटाच्या दरम्यान येते. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या एल्समीअर बेटावरचे मगरींचे भाऊबंद, टॅपिर (आखूड सोंडेचे प्राणी), कासवं सुरुवातीच्या याच उबदार काळातली. आणि गंमत म्हणजे तिथे तेव्हाही हिवाळ्यात महिनोन्‌महिने अंधारच असे. सातव्या फुटाला आर्क्टिक समुद्रावर अझोला या तरंगत्या नेच्याची हिरवी साय, जागा नऊ-दहा इंच. आठव्याच्या पुढे जर्मनीतल्या मेसेलच्या तळ्यातले चिमुकले घोडे. तिथून उतरण, मध्येच सोळाव्या फुटाजवळ पुन्हा थोडी ऊब. पाकिसेटस हा पायांवर चालणारा व्हेलचा पूर्वज सहाव्या फुटाच्या आसपास, तर इजिप्तच्या वाळवंटात सापडलेला समुद्री व्हेल बॅसिलोसॉरस उजव्या टोकाकडे. लोक इथेच सगळ्यात जास्त रेंगाळतात, तेव्हा चित्रं मोठी ठेवा.

थंडी का आली हे एका ओळीत लिहू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरणं हे मोठं कारण. अंटार्क्टिकाभोवतीचे सागरी मार्ग उघडण्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञ भांडतात. जुन्या पुस्तकांत इओसीनची सुरुवात ५५ च्या आसपास दिलेली असते, तेव्हा सगळे आकडे एकाच कालमापनातले घ्या. आणि कापड छापू नका, कागद जोडा. चुकला तुकडा तेवढाच बदलता येतो.

राहिला तुमचा बर्फ. अंटार्क्टिकावरचा मोठा थर ३३.९ च्या जरा नंतर पसरला, म्हणजे तो नेमक्या बावीस फुटांत बसणारच नाही. उजवीकडे अर्धा फूट जास्त ठेवा.