अक्षरं येतात, मग वाचन का अडखळतं?

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे, मराठी शाळेत. घरी आम्ही कोंकणी बोलतो. बाराखडी येते, पण 'आहे', 'आणि', 'म्हणून' दरवेळी फोडून वाचतो. कधी 'आहे'ला चक्क 'आसा' म्हणतो. रोज 50 कार्डं घोकून घेते, तरी पुस्तकात अडतोच.
– एक पालक, फोंडा

उत्तर : 'आसा' म्हणतो म्हणजे वाक्य त्याला कळलंय, नजर तेवढी अक्षरांवरून घसरलीय. रागावू नका. 'अर्थ बरोबर, पण इथं लिहिलंय काय?' असं विचारून आधी 'आ'वर, मग 'हे'वर बोट ठेवायला लावा. 'आणि'चं दुखणं निराळं. ऱ्हस्व वेलांटी दिसते 'ण'च्या आधी, ऐकू येते नंतर. त्यात कोंकणीत 'आनी' लिहितात. 'म्हणून'मध्ये फक्त 'म्ह' अवघड, तेवढाच रंगीत पेनानं दाखवा.

50 कार्डं बंद करा. आठवड्याला 4 शब्द, रोज 7-8 मिनिटं, बस्स. 'तो, ती, ते' किंवा 'होता, होती, होते' एकाच आठवड्यात घेऊ नका, हमखास घोटाळा होतो. 'तो' पक्का झाल्यावरच 'ती'.

तुम्ही शब्द म्हणा. त्यानं तो तोंडी फोडावा, मग कार्डावरच्या अक्षरांशी जुळवावा, शेवटी कार्ड पालथं घालून लिहावा. हे लिहिणंच बहुतेक घरी राहून जातं आणि शब्द दुसऱ्या दिवशी परका होतो. लगेच वाक्यातही वाचून घ्या: 'माटोळीला नारळ आहे आणि काकडी आहे. सुपारी नाही.' (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळं-भाज्यांची सजावट.)

कार्डावर चित्र नको. मूल चित्रच वाचतं. कोपरा दुमडलेलं, चहाचा डाग पडलेलं कार्डही बदला, नाहीतर डागावरून 'आहे' ओळखलं जातं! तीन वेगवेगळ्या दिवशी न फोडता, चटकन वाचला, तर तो शब्द गठ्ठ्यातून काढा. आठवड्यानं एकदा अचानक विचारा.

प्रश्न : सगळेच शब्द असे नजरेनं पाठ करून घेतले तर?
– बालवाडी शिक्षिका, डिचोली

उत्तर : नको. नवा शब्द समोर आला की मूल अंदाज ठोकू लागेल. देवनागरीत बहुतेक शब्द अक्षरं जोडून वाचता येतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डोल्च यांची, नजरेनं ओळखायच्या 220 शब्दांची यादी इंग्रजीची आहे, तिचं भाषांतर करत बसू नका. तिथल्या 'the'ला मराठीत जोडीदारच नाही. मुलांच्या पुस्तकातले पहिले चार धडे घ्या आणि पाचपेक्षा जास्त वेळा आलेले शब्द पेन्सिलीनं मोजून काढा. तीच तुमची यादी.