सातपूरच्या कारखान्यात काम करतो, ऐकू नीट येते. तरी श्रवणचाचणी करावी का?

होय, करावी, कारण प्रेसशॉपमधल्या (यंत्राने पत्रे दाबून भाग बनवण्याच्या विभागातल्या) सततच्या गोंगाटाने होणारी हानी प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे उंच सुरांत, दिसते आणि समोरासमोरच्या बोलण्यात ती बराच काळ जाणवत नाही. चाचणीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर कमी-अधिक आवाजात ऐकवतात. सूर ऐकू येताच बटण दाबायचे, एवढेच. अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून आठ तास ८५ डेसिबल किंवा अधिक आवाजात काढणाऱ्यांनी वर्षातून एकदा, तेही पाळी सुटल्यावर लगेच नव्हे, तर कानांना रात्रभर विश्रांती देऊन, तपासणी करावी. (नाशिक ढोल वाजवणाऱ्यांनीही!) चाचणीचा जुना आलेख जपावा, नवा त्याच्याशीच ताडतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.