आधी उदाहरण चालवून बघ, मग लिही

पायथनच्या रेगेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या) मॉड्यूलवरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण व्याख्याच फार झाल्यात. वाचणारा अडकलेला असतो. त्याला आधी चालणारं उदाहरण हवं.

‘बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर’ हे तुझं वाक्यच घे. बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (म्हणजे अशी एक किंवा जास्त सलग) घेऊन ‘मराठी’ या शब्दावर फाइंडऑल, म्हणजे जुळणारे सगळे तुकडे देणारं फंक्शन, चालव. हाती येतं ‘मर’ आणि ‘ठ’! काना आणि वेलांटी गळाली, कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) ती अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत. हे उत्तरासकट छाप. बॅकस्लॅश डीचं, म्हणजे अंकाच्या खुणेचं, उलटं: साध्या स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) त्याला ‘४११’सुद्धा चालतं. पिनकोड तपासताना मी यातच एक अख्खी दुपार घालवली होती. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तर चौकोनी कंसात शून्य ते नऊ द्यायचं, हेही तिथंच सांग.

मग शोधायची तीन फंक्शनं: मॅच सुरुवातीलाच बघतं, सर्च कुठंही शोधतं, फुलमॅचला अख्खी स्ट्रिंग जुळावी लागते. तिघांना एकच स्ट्रिंग दे, फरक आपोआप दिसेल. आणि हो, ‘सोपं आहे’ हे शब्द सगळीकडून काढ. वाचणाऱ्याला उगाच कमीपणा वाटतो.