खुकरीवर खाली कोण होतं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

चिल्क्याच्या नौदल प्रशिक्षण केंद्रातून पाठवलेलं तुझं 'खुकरी'वरचं भाषण वाचलं. 'सागराच्या कुशीत विसावले' हे वाक्य आधी काढून टाक. बोटीत पाणी घुसतं तेव्हा कुणी विसावत नाही, बाबा.

9 डिसेंबर 1971. 'खुकरी' आणि 'किरपाण' या आपल्या युद्धनौका दीवपासून साधारण 40 सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या मागावर होत्या. खुकरीच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला, नवं उपकरण जोडलं होतं. त्याची चाचणी घ्यायची म्हणून वेग कमी ठेवलेला. ते उपकरण बनवणारा तरुण लेफ्टनंट बोटीवरच होता, तोही गेला. हंगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणवर सुटला, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत बोट पाण्याखाली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. खुकरीच्या कॅप्टन मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नाविकाला दिलं आणि ते बोटीबरोबरच गेले. ही गोष्ट तू सांगच, पण दोन पानं त्यांच्यावर आणि 176 जणांना अर्धी ओळ, हे मला पटलं नाही. कॅप्टन ब्रिजवर होते, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या जागी. खाली कोण होतं? बॉयलरपाशी घामानं निथळणारा, गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, भांडी आवरणारा, वॉचची पाळी संपवून नुकताच बंकवर आडवा झालेला. तुझ्याच वयाची पोरं होती रे त्यांत. त्यांतलं एक नाव शोध, गाव शोध, बोटीवर त्याचं काम काय होतं ते शोध. मग बोलायला उभा राहा.

मी नौदलात होतो तेव्हा आमचा एक चीफ, म्हणजे वरिष्ठ नाविक, होता, फार कमी बोलायचा. 9 डिसेंबरला दोन मिनिटं मौन झालं की आम्हा नव्या पोरांना खाली न्यायचा, डोळ्यांवर पट्टी बांधायचा आणि म्हणायचा, "चला, वरच्या डेकवर भेटू." दिवे गेलेत असं समजायचं आणि हातानं चाचपत शिडी गाठायची. पहिल्या वर्षी मी चुकून पेंटच्या स्टोअरमध्ये शिरलो. सगळे हसले. चीफ हसला नाही. त्यानं मला परत खाली पाठवलं, तीनदा.

त्यानं खुकरीवर भाषण कधीच केलं नाही. तिथलं कुणी त्याचं होतं का, हेही आम्ही विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

तुला पहिली बोट मिळाली की बंकपासून वरच्या डेकपर्यंतच्या पायऱ्या मोज. माझ्या बोटीवर सत्तावीस होत्या.

भाषण लहान करून पुन्हा पाठव. आईला फोन करत जा.

तुझा,
काका