दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही

प्रश्न : दादा, माझी १ टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क जोडली की दिवा लागतो, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. आईचे शेवटचे फोटो त्यातच आहेत.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, स्क्रीनवर ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ विचारलं, तर काही झालं तरी ‘कॅन्सल’च दाबा.

दिवा लागला म्हणजे डिस्क फिरली असं नाही. फिरायला पुरेशी वीज लागते; यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. केबल ढिली असेल तर तेवढंही पोचत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या कित्येक ‘मेलेल्या’ डिस्क नव्या केबलवर उठल्या आहेत. तेव्हा दुसरी केबल आणा, मधे हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) नको, थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा.

मग डिस्कला कान लावा. एकसारखी घरघर असेल तर जीव आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क तिथे असेल, फक्त तिला ‘डी’, ‘ई’सारखं अक्षर नसेल, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून द्या. ‘रॉ’ (म्हणजे विंडोजला डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही) लिहिलेलं दिसलं तर त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळालेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे.

टक्-टक् आवाज आला तर त्याच क्षणी काढा. हेड, म्हणजे आतली तबकडी वाचणारा भाग, बहुधा बिघडलाय, प्रत्येक फेरीत तबकडी खरवडली जाऊ शकते. घरी उघडायची नाही, धूळविरहित खोली असलेल्या लॅबलाच द्यायची. २०१९च्या महापुरानंतर भिजलेल्या डिस्क लोकांनी वाळवून चालू केल्या होत्या. त्यांतलं बरंच गेलं, मला आजही वाईट वाटतं.

फोटो मिळाले की त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा, ताई.