वाचकांचे प्रश्न : वाढ झाली, की नुसती वर्षे झाली?

प्रश्न : बाप्तिस्मा होऊन २५ वर्षे झाली. रविवारची उपासना चुकत नाही, दशांश देतो, मंडळीच्या कमिटीवर आहे. टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पण नळाला पाणी येते त्या दिवशी घरात आणि बटवड्याच्या दिवशी कारखान्यात माझा तोल आजही पहिल्यासारखाच जातो. माझी आध्यात्मिक वाढ झाली आहे का, हे तपासायचे कसे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सलाम. उपासना, दशांश, कमिटी ही वाढीची साधने आहेत, वाढ नव्हे. करिंथच्या मंडळीला ज्ञानाची किंवा कृपादानांची वाण नव्हती, तरी प्रेषित पौलाने आपल्या पत्रात त्यांना बाळके म्हटले, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह होता (१ करिंथ ३:१-३). म्हणून तुमची तपासणी नळापासून आणि बटवड्यापासूनच सुरू व्हायला हवी. तुम्ही त्या दोन्ही जागा स्वतःहून लिहिल्यात, हे आम्हांला आशेचे वाटते.

गलती ५:२२-२३ मध्ये प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण आहेत, पण पौल त्यांना ‘फळ’ म्हणतो, एकवचनात. ‘माझ्यात विश्वासूपणा आहे, सौम्यता नसली तरी चालेल’ अशी निवड करता येत नाही. तपासताना मात्र महिन्याला एकच गुण घ्या. नऊही एकदम घेतले की दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. तुम्ही सहनशीलतेपासून सुरुवात करा.

शनिवारी रात्री १५ मिनिटे बसा. पहिली ३ मिनिटे आठवड्यातल्या नेमक्या गोष्टींसाठी उपकारस्तुती करा. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात आत्मपरीक्षेचा जो पाच पायऱ्यांचा क्रम घालून दिला, त्यातही उपकारस्तुती पहिली आहे. कॅथलिक नसलेल्यांनीही तो क्रम जरूर घ्यावा. चुकांपासून सुरुवात केली की माणूस एकतर स्वतःचा बचाव करतो नाहीतर खचतो. मग स्तोत्र १३९:२३-२४ प्रार्थना म्हणून वाचा. झडती देवाने घ्यायची आहे, आपण फक्त दार उघडायचे. त्यानंतर वहीत तीन रकाने भरा : काय घडले, मी कोणते शब्द बोललो, आणि माफी मागायला किती वेळ लागला.

तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. राग किती वेळा आला हे मोजू नका. मे महिन्याच्या उन्हात किंवा माल पडून असताना तो आकडा वाढणारच. पूर्वी चार दिवस अबोला चालायचा आणि आता दिवस मावळण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन ‘माझे चुकले’ म्हणता, तर ती वाढ आहे (इफिस ४:२६). वही तीन महिन्यांनी सलग वाचा. दर आठवड्याला निकाल लावला तर एका आठवड्यात फुशारकी आणि पुढच्यात निराशा, एवढेच हाती लागते. तुलना स्वतःच्या जुन्या पानांशी करा, शेजारच्या बाकावरच्या माणसाशी नको (गलती ६:४).

आपल्याला न दिसणारे घरच्यांना दिसते. पण ‘मी कसा आहे?’ असे विचारले तर ‘बरे आहात’ एवढेच उत्तर येईल. पत्नीला विचारा, ‘या महिन्यात माझे कोणते बोलणे तुला लागले?’ आणि उत्तर ऐकून खुलासा देऊ नका. कामगाराला हा प्रश्न विचारू नका. ज्याची मजुरी तुमच्या हातात आहे, तो खरे कसे सांगेल?

कारखान्यातल्या रागाची आणखी एक बाजू पाहा. बटवड्यालाच तोल जातो, तर हिशेबाचे रजिस्टर उघडा. मजुरी ठरल्या दिवशी दिली का? उचल कापताना जास्त कापली गेली का? अडकवलेली मजुरी ओरडते, असे याकोब ५:४ सांगते. चूक सापडली तर नुसती प्रार्थना पुरत नाही, पैसे परत करावे लागतात. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देण्याचे कबूल केले होते (लूक १९:८).

प्रश्न : आत्मपरीक्षा केली की स्वतःची इतकी लाज वाटते, की मी तीन महिने प्रभुभोजन घेतले नाही. हे बरोबर आहे का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, १ करिंथ ११:२८ पुन्हा वाचा. आत्मपरीक्षा करावी ‘आणि मग’ भाकरीतून खावे, असे तिथे आहे. पौलाने तिथे ज्यांना दटावले, ते आपले जेवण आधी उरकून गरिबांना उपाशी ठेवणारे होते, स्वतःच्या पापाने रडणारे नव्हते. कोणाशी भांडण असेल तर आधी समेट करा (मत्तय ५:२३-२४), आणि प्रभुभोजनाच्या मेजाकडे या.

मनाला टोचणारी गोष्ट नेमकी असेल, म्हणजे अमक्या दिवशी अमक्याशी खोटे बोलले, तर ती कबूल करून सोडता येते. ‘मी मुळातच वाईट’ अशी मोघम टोचणी कबुलीनंतरही जात नसेल, तर १ योहान ३:२० धरून ठेवा : आपल्या मनापेक्षा देव मोठा आहे. आत्मपरीक्षेची वही लिहीत असाल तर ती काही महिने बंद ठेवा आणि आपल्या आचार्यांशी बोला. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. तसे करण्याने विश्वास कमी ठरत नाही.